अनबिकमिंग : कोणाला न शोभणारे?

'अनबिकमिंग' हे इंग्रजी विशेषण आपल्याला बहुधा खातेनिहाय चौकशीच्या किंवा लष्करी न्यायालयाच्या बातमीत भेटते. 'अशोभनीय' हा त्याचा रूढ मराठी प्रतिशब्द. तो चुकीचा नाही. पण 'अशोभनीय वर्तन' म्हटले की वाचकाच्या मनात असभ्य, किंबहुना अश्लील असेच काही येते आणि ठपका असलेल्या माणसाविषयी भलताच समज होतो.

'बिकम' म्हणजे होणे, हे सर्वांना ठाऊक असते. 'शोभणे, साजणे' हा त्याचा दुसरा अर्थ. 'द हॅट बिकम्स हर' म्हणजे ती टोपी तिला खुलून दिसते. त्यावरून 'बिकमिंग', आणि नकार जोडून 'अनबिकमिंग'. न खुलणाऱ्या पोशाखालाही हा शब्द चालतो.

वर्तनाविषयी तो आला, की 'कोणाला न शोभणारे?' हे विचारलेच पाहिजे. 'इल्लीगल' कायद्याकडे पाहतो, 'इनडिसेंट' सभ्यतेकडे, तर 'अनबिकमिंग' करणाऱ्याच्या पदाकडे. पक्षकाराच्या घरची मेजवानी त्याच्या शेजाऱ्याने झोडली तर कोणी बोट ठेवणार नाही. खटला ऐकणाऱ्या न्यायाधीशाने झोडली तर ते वर्तन अनबिकमिंग. 'हे तुम्हाला शोभत नाही' या आपल्या साध्या वाक्यातील 'तुम्हाला' येथे मोलाचे आहे. 'अशोभनीय' या विशेषणात नेमके तेच गळते. म्हणून 'पदाला न शोभणारे' हा प्रतिशब्द अधिक नेमका.

शब्दाचा प्रश्न नोकरीशी भिडतो तो कायद्यात. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील तिसरा नियम सरकारी नोकराला न शोभणारे काहीही करण्यास मनाई करतो. सेना अधिनियम, १९५० च्या कलम ४५ नुसार असे वर्तन सिद्ध झाल्यास लष्करी न्यायालय अधिकाऱ्याला बडतर्फही करू शकते. शब्द इतका ऐसपैस, की कोणते कृत्य न शोभणारे हे आरोपपत्रात स्पष्ट नसेल तर बचाव तरी कशाचा करायचा?

व्याकरणाचीही एक गंमत आहे. सेना अधिनियमात या विशेषणापुढे 'ऑफ' नाही, १९६४ च्या नियमांत आहे. दोन्ही रचना शुद्धच. अमेरिकेच्या लष्करी कायद्यात 'अनबिकमिंग ॲन ऑफिसर अँड अ जंटलमन' असे शब्द होते. स्त्रिया अधिकारी होऊन कित्येक दशके लोटल्यावर, २०२१ मध्ये, त्यातील 'जंटलमन' वगळला गेला.