काका, मामा आणि भिंतीवरचे कागद

दिवाळीच्या सुटीत पाहुणा येणार असे पत्र आले की घरातल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोण? काका की मामा?" आपल्याकडे या दोन नात्यांत मोठे अंतर. मामा आला म्हणजे खाऊ आणि लाड. काका आले म्हणजे परवचा म्हणून दाखवावा लागणार. रशियन भाषेत मात्र दोघांनाही एकच शब्द आहे, 'द्याद्या'. आज ज्या मुलीची हकीगत सांगायची आहे, तिच्या घरी हे दोन्ही द्याद्या पाहुणे म्हणून येत. दोघांनी तिला मांडीवर किंवा शेजारी बसवून गप्पा मारल्या, एवढेच काय ते केले. पण त्या गप्पांनी एका एकाकी पोरीचे आयुष्य उजळून निघाले.

सोफिया कोव्हालेव्हस्काया हे तिचे पुढे जगाला माहीत झालेले नाव. जन्म 1850 सालचा, मॉस्को शहरातला. वडील तोफखान्यातले सेनाधिकारी. 1858 साली ते निवृत्त झाले आणि व्हितेब्स्क प्रांतातल्या पालिबिनो या आपल्या गावच्या जमिनीवर कुटुंबासह राहायला गेले. मोठा वाडा, भोवती दाट जंगल. घरात तीन मुले. थोरली आन्ना रूपाने देखणी, सर्वांची लाडकी. धाकटा फेद्या हा मुलगा, म्हणून कौतुकाचा. मधली सोफिया. हिच्या वेळी आईबापांना मुलगा हवा होता, ही गोष्ट दाईने तिच्या देखत इतरांना सांगितलेली. मुलांना काही कळत नाही असे समजून मोठी माणसे बोलतात आणि ते शब्द मुलांच्या काळजात जन्मभर राहतात. आपण आईबापांच्या नावडत्या आहोत, असे त्या मुलीने मनाशी पक्के धरले. त्यात सांभाळायला कडक शिस्तीची शिक्षिका. ग्रंथालयातल्या पुस्तकांना हात लावायचीही मनाई; ती चोरून वाचायची.

अशा घरी पीटर्सबर्गहून मामा यायचा. संध्याकाळी तो भाचीला मांडीवर घेई आणि तिच्याशी शास्त्राच्या गोष्टी बोले. पाण्याच्या थेंबात डोळ्यांना न दिसणारे जीव कसे असतात, समुद्रातले शेवाळ कसे असते, इवल्याशा प्राण्यांपासून पोवळ्यांचे खडक कसे बनतात. दिवसभर ती त्या घटकेची वाट पाही. एके दिवशी शेजाऱ्यांची मुलगी खेळायला आली आणि मामाने तिलाही जवळ घेतले. आपल्या सोफियाबाईंनी काय करावे? त्या मुलीच्या दंडाला कडकडून चावा घेतला! पुढे काय झाले असेल ते सांगायला नको. हा प्रसंग तिने स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. वाचताना हसू येते आणि पाठोपाठ वाईटही वाटते. ज्या मुलीला वाट्याला आलेले एकुलते एक माणूस सोडवत नाही, तिची भूक किती मोठी असेल!

दुसरे पाहुणे म्हणजे काका, प्योत्र वासिल्येविच, वडिलांचे थोरले बंधू. उंचेपुरे, धिप्पाड, स्वभावाने मात्र अगदी भोळे. त्यांच्या आयुष्यात एक भयंकर गोष्ट घडून गेली होती. त्यांची पत्नी पदरच्या भूदासांचा फार छळ करी. अखेर त्या लोकांनीच तिचा जीव घेतला. पुढे काकांनी आपली मालमत्ता एकुलत्या मुलाच्या हवाली केली आणि स्वतःपुरते थोडे ठेवून घेतले. पालिबिनोला ते वरचेवर येत आणि आठवडेच्या आठवडे राहत. ग्रंथालयात बसून हाती येईल ते वाचायचे आणि वाचलेले कुणाला तरी सांगायचे, हा त्यांचा नाद. ऐकायला पुतणी तयारच! ते तिला परीकथा सांगत, बुद्धिबळ शिकवत आणि मध्येच समाजसुधारणेची एखादी योजना एखाद्या पोक्त गृहस्थाला समजावावी तशी तिला समजावून देत.

काका गणित कधी शिकले नव्हते. पण त्या शास्त्राविषयी त्यांना अपार आदर होता. वर्तुळाचा चौरस करण्याचा प्रश्न त्यांनी पुतणीला सांगितला : केवळ कंपास व पट्टी घेऊन दिलेल्या वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस काढायचा. (हे होणे शक्यच नाही, असे लिंडेमान या जर्मन गणितज्ञाने 1882 साली सिद्ध केले, काकांच्या गप्पा त्याच्या कितीतरी आधीच्या.) कधी ते अशा एका सरळ रेषेची गोष्ट सांगत, की वक्ररेषा जिच्या जवळ जवळ जाते, सतत जवळ जाते, पण तिला कधी भेटत म्हणून नाही. मुलीला यातले काही कळले नाही. पण गणित म्हणजे एक अद्भुत जग आहे आणि त्याचे दार कुठेतरी आहे, एवढे तिच्या मनात बसले. आम्ही शिक्षक मंडळी असतो तर म्हटले असते, "हे तुझ्या इयत्तेला नाही." काकांना इयत्ता ठाऊक नव्हती, हे बरेच झाले.

त्याच वाड्यात आणखी एक योगायोग घडला. भिंतींना लावायचा कागद पीटर्सबर्गहून मागवला होता; तो मुलांच्या एका खोलीला पुरला नाही. मग अडगळीतले जुने कागद डकवले. ते निघाले ओस्त्रोग्रादस्की या नामांकित गणितज्ञाच्या कलनशास्त्रावरील व्याख्यानांचे छापील कागद. वडिलांनी तरुणपणी घेतलेले. ती मुलगी तासन्‌तास त्या भिंतीपुढे उभी राहून कोणत्या पानापुढे कोणते पान येते ते शोधी. पंधराव्या वर्षी पीटर्सबर्गला तिला कलनशास्त्र शिकवले गेले, तेव्हा तिचा झपाटा पाहून शिक्षक चकित झाले. जणू तिला हे आधीच ठाऊक होते!

भिंतीवरचे कागद घरातल्या सगळ्यांनीच पाहिले असतील. त्यांच्यापुढे थांबावेसे एकटीलाच वाटले, कारण त्या खुणांना मान द्यायला तिला काकांनी शिकवले होते.

पुढची वाट सोपी नव्हती. रशियातल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. परदेशी जाता यावे म्हणून 1868 साली तिने व्लादिमीर कोव्हालेव्हस्की या तरुणाशी नावापुरते लग्न केले. बर्लिनच्या विद्यापीठानेही दार लावून घेतले, तेव्हा वायरश्ट्रास या थोर गणितज्ञाने तिला चार वर्षे खाजगी शिकवले. 1874 साली ग्यॉटिंगेन विद्यापीठाने तिला डॉक्टरेट दिली. आधुनिक काळात गणितात ती मिळवणारी ही पहिली स्त्री. 1888 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तिला बोर्दँ पारितोषिक दिले आणि निबंधाची योग्यता पाहून 3000 फ्रँकची रक्कम 5000 केली. 1889 साली ती स्टॉकहोमला पूर्ण प्राध्यापक झाली. 1891 साली, अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी, ती वारली.

मृत्यूच्या थोडेच आधी तिने बालपणाच्या आठवणी लिहिल्या. तोवर तिच्या ओळखीत युरोपातले केवढे विद्वान आले होते! तरीही गणिताची गोडी कशी लागली हे सांगताना तिला आधी आठवले ते आपले काका, ज्यांना गणित येत नव्हते.

या दिवाळीत आपल्यापैकी कितीतरी जण कुणाच्या तरी घरी काका किंवा मामा म्हणून जातील. हातात मिठाईचा पुडा असेल, तो जरूर असावा. पण फराळ आटोपल्यावर मोठ्यांच्या गप्पांच्या कडेला एखादी पोर गुपचूप बसलेली दिसली, तर तिला जवळ बोलवावे आणि आपल्याला जे सगळ्यांत नवलाचे वाटते ते सांगावे. तिने काही विचारलेच, तर "मोठी झालीस की कळेल" एवढे मात्र म्हणू नये.