एम्प्रेस मिलच्या चुका

जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. यशस्वी देशी कारखान्याचा नमुना म्हणून तिचे नाव घेतात, पण तिच्याकडून शिकण्यासारखे खरे काही असेल तर ते तिच्या सुरुवातीच्या अपयशात आहे. कापसाचा मुलूख आणि रेल्वे हाताशी असल्याने जागा अचूक निवडली होती. काटकसर मात्र नको तिथे झाली. हलक्या प्रतीची यंत्रे आली आणि सूत मनासारखे निघेना. व्यवस्थापक बेझनजी मेहता रेल्वेच्या मालखात्यातून आलेले, गिरणीकाम त्यांना नवीनच. तरीही टाटांनी माणसे न बदलता यंत्रे बदलली. पुढे सूतकताईसाठी नव्या रिंग चात्या घ्याव्यात का, हा प्रश्न आला तेव्हा या ठेचेचा उपयोग झाला. म्यूल या जुन्या कताईयंत्रावर चात्यांची गाडी मागेपुढे सरके. सूत ओढून पीळ द्यायचा आणि मग ते गुंडाळायचे. रिंग पद्धतीत चातीभोवतीच्या कड्यावर फिरणारी बारीकशी तार पीळ आणि गुंडाळणी एकदमच करते. लँकेशायरच्या बड्या यंत्रनिर्मात्यांचा या तंत्रावर भरवसा नव्हता. नागपूरने आधी मोजके साचे लावून उत्पादन पाहिले आणि मगच पसारा वाढवला. चूक झालीच तर ती लहान आणि सोसण्याजोगी राहावी, ही तजवीज पहिल्या खरेदीत नव्हती. आता ती कामाची रीत झाली.

यावर कोणी म्हणेल, टाटा एवढे शिकले होते, तर १८८६ मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल स्वस्तात मिळते म्हणून त्यांनी का घेतली? साडेबारा लाखांत मिळालेल्या त्या गिरणीची यंत्रे कुचकामी निघाली, तोटा झाला, भागधारक धास्तावले. आक्षेप खरा आहे: स्वस्ताईचा मोह जाणत्यालाही दुसऱ्यांदा पडतो. तरीही ‘स्वदेशी’ या नव्या नावाची ती गिरणी सावरली, कारण नागपुरात तयार झालेली माणसे तिथे आणता आली. मालकाला जे आठवले नाही, ते कामाने शिकवलेल्या माणसांच्या हातात शाबूत होते. पैसा होता म्हणून हे जमले, हेही अर्धेच खरे. पैशाने नवी यंत्रे येतात, ती चालवण्याची जाण विकत मिळत नाही. म्हणून अपयश आले की दोषी शोधण्याआधी कामाची कोणती रीत बदलायची ते ठरवावे, आणि त्या अपयशातून शिकलेली माणसे जपावीत.