हवा, पाणी आणि भिंत

राज्ये कशी उदयास आली आणि कशी लयास गेली याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. मनुष्याने हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा कसा मिळविला, हा इतिहास मात्र त्या मानाने उपेक्षितच राहिला. वास्तविक घर बांधण्यामागचा मूळ हेतूच ऋतूंपासून स्वतःचे रक्षण करणे हा होता. या इतिहासाकडे थोडे बारकाईने पाहिले, म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. प्राचीनांनी आपले लक्ष जमिनीवर आणि भिंतींवर केंद्रित केले; विसाव्या शतकाने ते हवेवर केंद्रित केले; आणि आता आपले अभियंते पुन्हा जमिनीकडे व छताकडे वळू लागले आहेत. हा फेरा का पडला?

त्यासाठी एक साधी गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. शेकोटीपुढे बसले असता तोंड तापते आणि पाठ गारठते. हवा तर दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच असते. भर वैशाखात एखाद्या जुन्या दगडी देवळात पाऊल टाकताच जीव शांत होतो, तो केवळ आतल्या हवेमुळे नव्हे. सभोवारचा थंड दगड आपल्या देहाची उष्णता ओढून घेत असतो. उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे, मधल्या हवेची मदत न घेता, उष्णता जाते. यालाच शास्त्रात प्रारण म्हणतात. स्वस्थ बसलेला मनुष्य सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, आणि तिचा फार मोठा वाटा प्रारणाच्या मार्गाने जातो. सभोवारचे पृष्ठभाग योग्य तपमानाचे असले, तर हवा काहीशी गरम असूनही आपणांस सुख वाटते.

हे तत्त्व सूत्ररूपाने ज्ञात होण्यापूर्वी कितीतरी शतके कारागिरांच्या हाती होते. रोमन लोकांच्या स्नानगृहांतील जमीन विटांच्या ठेंगण्या खांबांवर तोललेली असे. भट्टीतील तप्त वायू त्या पोकळीतून खेळविला जाई, आणि वरची फरसबंदी तापे. व्हिट्रुव्हियस या वास्तुकाराने ही रचना मोजमापांसह वर्णिली असून खांबांची उंची दोन फूट सांगितली आहे. कोरियात चुलीचा धूर दगडी जमिनीखालून नेऊन घर उबदार ठेवण्याची ‘ओंदोल’ पद्धती शतकानुशतके चालत आली. आपल्याकडे दिल्लीच्या लाल किल्ल्यात, ज्याचे बांधकाम १६३९ ते १६४८ या काळात झाले, एकीकडे हम्मामात पाणी आणि दालन तापविण्याची व्यवस्था होती, तर दुसरीकडे ‘नहर-ए-बिहिश्त’ हा संगमरवरी कालवा महालामहालांतून वाहत होता. रंगमहालातील कमलाकृती कुंड त्याच प्रवाहावरचे. या कालव्याचे काम अंशतः बाष्पीभवनाचे आणि अंशतः शोभेचे होते हे खरे. तथापि वाहत्या पाण्याने आणि गार दगडाने निवारा मिळवावा, ही दृष्टी त्यात स्पष्ट आहे.

आधुनिक काळात या विचाराला नवे रूप दिले ते इंग्लंडमधील प्रा. बार्कर यांनी. बारीक नळ्या गिलाव्यात अगर काँक्रीटमध्ये पुरून त्यांतून गरम पाणी खेळवावे, या कल्पनेचे पेटंट त्यांना १९०७ साली मिळाले. पुढे १९३० नंतरच्या दशकात ऑस्कर फेबर या अभियंत्याने तिकडील काही मोठ्या इमारतींत अशाच नळ्यांचा उपयोग तापविण्यासाठी व थंड करण्यासाठीही केला. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांना जपानमध्ये असताना एका कोरियन धर्तीच्या खोलीचा अनुभव आला, आणि त्या उबेने ते इतके प्रभावित झाले, की रॅसीन येथे १९३९ साली पुऱ्या झालेल्या जॉन्सन वॅक्स कंपनीच्या कचेरीत त्यांनी उष्णता जमिनीखालून दिली. गृहस्थाच्या ओसरीवरची युक्ती अशा रीतीने व्यापारी इमारतीत येऊन पोहोचली.

परंतु याच सुमारास दुसरा एक प्रवाह अधिक जोराने वाहू लागला होता. १९०२ साली ब्रुकलिनमधील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत-आकसत असे आणि रंगांचे ठसे एकमेकांवर बिनचूक बसत नसत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील आर्द्रता नियंत्रित करणारे यंत्र त्यासाठी आखले. वातानुकूलनाचा जन्म अशा रीतीने माणसांसाठी नव्हे, तर कागदासाठी झाला. १९२८ साली सॅन अँटोनियो येथील मिलाम इमारत आरंभापासून संपूर्ण वातानुकूलित अशी पहिली उंच कचेरी ठरली, आणि मग हाच जगाचा रिवाज झाला.

हवेचा हा विजय निव्वळ जाहिरातीने झाला नाही. थंड पृष्ठभागाच्या पद्धतीत एक खरी अडचण होती. गार पाण्याने भरलेल्या तांब्याला पावसाळ्यात बाहेरून घाम फुटतो, तसाच घाम दमट प्रदेशात थंड छतालाही फुटतो. आणि कचेरीतील कागदपत्रांवर छतातून थेंब ठिबकू लागले, तर त्या छताचे कौतुक कोण करील? पंख्याने ढकललेली थंड, कोरडी हवा ही अडचण एका दमात सोडवी. पिट्सबर्ग येथे १९५३ साली उभ्या राहिलेल्या अल्कोआ कंपनीच्या गगनचुंबी इमारतीत छतातूनच ऊब आणि गारवा देण्याची योजना होती. परंतु ती अपवाद ठरली.

या विजयाची किंमत मात्र जबर होती. आकारमानाने तुलना केली, तर पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेऊ शकते. जे काम बोटभर जाडीची नळी करील, त्यासाठी हवेला माणूस रांगत जाईल एवढा पत्र्याचा बोगदा लागतो, आणि त्या बोगद्यातून ती ढकलणारे पंखे अहोरात्र वीज खातात. शिवाय हवेतील ओल काढण्यासाठी पाणी ७ अंश सेल्सियसच्या आसपास थंड करावे लागते. छताला मात्र १५ अंशांच्या आसपासचे पाणी पुरते, आणि तेवढ्यापुरते यंत्राचे श्रम वाचतात.

कोडे सुटले ते दोन कामांची फारकत केल्यावर. श्वासासाठी लागणारी ताजी हवा वेगळी आणावी, ती आधी कोरडी करावी, आणि बेताचीच सोडावी. देहाची उष्णता हरण करण्याचे काम पाण्याने भरलेल्या छतावर किंवा जमिनीवर सोपवावे. आतील हवा पुरेशी कोरडी राहिली, की छताला घाम फुटत नाही. युरोपात १९९० नंतरच्या दशकात हा मार्ग रुळला. ऑस्ट्रियातील ब्रेगेन्झच्या कलासंग्रहालयाच्या काँक्रीटमध्ये १९९७ सालीच अशा नळ्या खेळविल्या गेल्या. तरीही शंका उरत होती: थंड देशात हे ठीक, उष्ण आणि दमट देशात कसे? २००६ साली सुरू झालेल्या बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळाने, आपली विस्तीर्ण जमीन थंड ठेवून, तिला पहिले मोठे उत्तर दिले.

दुसरे उत्तर आपल्याच देशात, हैदराबादजवळच्या पोचारम येथे मिळाले. इन्फोसिस कंपनीने २०११ साली तेथे एक इमारत वापरात आणली. तिचे दोन अर्धे भाग एकमेकांची प्रतिकृती होते. एका भागात उत्तम प्रतीचे हवेचे वातानुकूलन ठेवले, दुसऱ्यात काँक्रीटच्या लाद्यांत नळ्या घालून पाणी फिरविले, आणि दोहोंची वीज वेगळी मोजली. शास्त्रात ज्याला तुल्य प्रयोग म्हणतात, तो एवढ्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच पाहावयास मिळतो. पहिल्या दोन वर्षांच्या मोजणीत पाण्याच्या भागाला ३४ टक्के कमी ऊर्जा लागली. आणि आश्चर्य म्हणजे बांधणीचा खर्चही किंचित कमीच आला.

या आकड्याचे महत्त्व एका कंपनीच्या वीजबिलापुरते नाही. भारत सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या शीतलीकरण कृती-आराखड्यात २०१७-१८ ते २०३७-३८ या दोन दशकांत देशाची गारव्याची मागणी सुमारे आठपट होईल, असा अंदाज आहे. यंत्राने आतून काढलेली उष्णता कोठे नाहीशी होत नाही; ती रस्त्यावर ओतली जाते. तेथे हमाल, भाजीवाली आणि गवंडी दुपारच्या उन्हात काम करीतच असतात. आतल्या माणसाचा गारवा बाहेरच्या माणसाच्या अंगावर किती तापावा, हा प्रश्न नीतीचाही आहे.

ही पद्धती सर्वरोगहर मात्रा नव्हे. सर्वांगी काच लावून उन्हाला मुक्तद्वार देणाऱ्या इमारतीपुढे थंड छत दुबळे पडते. खिडकीवर छज्जा आणि भिंतीवर सावली हवीच. गर्दीच्या सभागृहात नुसते छत पुरत नाही. आणि काँक्रीटची लादी सावकाश थंड होते. बटण दाबताच गारवा मागणाऱ्या अधीर माणसाला ती मानवत नाही.

त्याहून मोठी अट काळाची आहे. हवेचे यंत्र इमारत पुरी झाल्यावरही भिंतीला टांगता येते. लादीतील नळी मात्र काँक्रीट ओतण्यापूर्वीच अंथरावी लागते. वास्तुकार, अभियंता आणि मालक यांनी नकाशा कागदावर असतानाच एकत्र बसून विचार केला, तरच ती संधी मिळते. आपल्या शहरांतून आज जे सांगाडे उभे राहत आहेत, ते पुढची पन्नास वर्षे तरी उभेच राहतील, आणि त्यांतील बहुतेकांची लादी नळीवाचून ओतली जात आहे.