माहुलीची पावती

परवा ट्रेकच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटला. "गड महाराजांचा, मग पावती वनखात्याची कशाला?" हे लिहिणारा आमचा मित्र मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला किती मोजतो ते मला माहीत आहे. असो. मी मात्र गप्प बसलो. त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही चौघे डोंबिवलीहून पहिली कसारा पकडून आसनगावला उतरलो आणि उजाडायच्या आत माहुलीच्या पायथ्याशी पोचलो. चौकीवर कोणी नव्हतं. पैसे वाचले म्हणून काय खूश झालो होतो! उतरताना भंडारगडाच्या बाजूला वाट चुकली. एका कोरड्या ओढ्यातून तासभर खाली गेलो आणि पुढे सरळ कडा. अंधार, मोबाईलला रेंज नाही, पाणी संपलेलं. शेवटी लाकडं घेऊन परतणारे एक काका भेटले आणि त्यांनी खाली आणलं. चौकीवरच्या पोराने वही उघडून विचारलं, "तुमची नावं कुठायत? तुम्ही वर आहात हे आम्हाला कळणार कसं, दादा?" उत्तर नव्हतं. परतीच्या वाटेवर प्रवेशाची पावती फाडणारे बहुधा आम्हीच पहिले.

त्यानंतर हा परवानगीचा प्रकार आला कुठून ते शोधत बसलो. आणि लक्षात आलं की या डोंगरावर 'कोणीही यावं' असं कधी नव्हतंच. 1636 मध्ये शहाजीराजे इथे मोगलांच्या वेढ्यात होते. 1665 च्या पुरंदरच्या तहात गेलेल्या 23 किल्ल्यांत माहुली होता. 1670 च्या सुरुवातीला महाराजांचा पहिला हल्ला किल्लेदार मनोहरदास गौडने परतवला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड परत घेतला. त्या काळी विनापरवाना वर जाणं म्हणजे काय हे सांगायला नको. हिरकणीची आख्यायिका तरी दुसरं काय आहे? संध्याकाळी दरवाजा बंद म्हणजे बंद.

पण मला खरा धक्का बसला तो पुढच्या भागाने. 1853 ला रेल्वे ठाण्याला आली, 1854 ला कल्याणला. रेल्वे, जहाजं, वाढती मुंबई, सगळ्यांनाच लाकूड हवं होतं. 1878 च्या वन कायद्याने जंगलं 'राखीव' करायला सुरुवात झाली, आणि ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला नि आदिवासीला आपल्याच डोंगरावरची फांदी तोडायला नियम आडवे आले. आता फांदी हवी कशाला? तर राबासाठी. आपल्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी त्या जागेवर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात. जमीन भाजली की रोप जोमदार येतं, तण मरतं. म्हणजे फांदी नाही तर राब नाही, राब नाही तर रोप धड नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला 1885 मध्ये आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला आणि राब हा त्यातला मोठा प्रश्न होता. आपण वीकेंडच्या मजेसाठी परवानगी मागतो, ते भातासाठी मागत होते. आमच्या 'गड महाराजांचा'वाल्याला हे सांगायचं राहिलंय.

मग पाणी. माहुलीच्या पलीकडे तानसाचं धरण 1892 मध्ये पुरं झालं, मुंबईसाठी. भोवतीचं जंगल राखलं गेल्याचा फायदा त्या पाण्यालाही झाला. शहापूर तालुक्यात तानसा, भातसा, वैतरणा सगळं आहे आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकर येतात. (यावर एक वेगळा लेख लिहायचाय, बघू कधी जमतंय.) 1970 मध्ये तानसा अभयारण्य झालं आणि माहुली त्यात गेला.

दोनच वर्षांनी, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याचं कलम 27 आपल्या फायरवॉलसारखं आहे: आधी सगळ्यांना बंदी, मग अपवाद. कामावरचा सरकारी नोकर, आत राहायची परवानगी असलेला, आत जमीनजुमल्याचा हक्क असलेला, सार्वजनिक रस्त्याने जाणारा, शिवाय काहींचे कुटुंबीय. बाकीच्यांना परवाना. कलम 28 मध्ये तो कशासाठी मिळू शकतो ते दिलंय: वन्यजीवांचा अभ्यास, फोटोग्राफी, संशोधन, पर्यटन, आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. 'ट्रेकिंग' हा शब्दच नाही, आपण पर्यटनात मोडतो! आणि परवाना 'देता येईल' असं आहे, 'द्यावाच लागेल' असं नाही. हरिश्चंद्रगड (अभयारण्य 1986), भीमाशंकर (1985), येऊरमार्गे बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, सगळीकडे मूळ चौकट हीच. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधब्यांवर बंदी घालतात ती वेगळी. पूर्वी ती कलम 144 खाली यायची, जुलै 2024 पासून नव्या संहितेच्या 163 खाली येते. दोन्हींची गल्लत करू नका, एकाची पावती दुसरीकडे चालत नाही.

माझी तक्रार आहेच. कुठल्या गडाला काय नियम, चौकी किती वाजता उघडते, मुक्काम चालतो की नाही, हे घरबसल्या धड कळत नाही. पायथ्याला जाऊनच समजतं. पण ती तक्रार पद्धतीची झाली. माहुलीच्या चौकीवर मला भेटलेली पोरं तर पायथ्याच्या गावातली होती. ज्यांच्या पणजोबांना फांदीसाठी विचारावं लागलं असेल, त्यांच्यासमोर आता मी नाव-गाव-मोबाईल नंबर सांगत उभा असतो. दहा मिनिटं जातात. जाऊ देत.

येत्या रविवारी पुन्हा माहुली. पहिली कसारा, डोंबिवली, मधला डबा. आणि चौकी उघडेपर्यंत खाली चहा. या वेळी वहीत पहिलं नाव पॉपकॉर्नवाल्याचं लिहायचं ठरलंय.