सिस्टरचं होम टाऊन

सरकारी कागदावर ती 'परिचारिका' असते, बोलताना 'नर्स' आणि तोंडावर 'सिस्टर'. एकाच बाईला आपण तीन नावं दिली आहेत. त्यातलं 'सिस्टर' मूळचं ख्रिस्ती मठातलं. युरोपात आजाऱ्यांची सेवा शतकानुशतकं नन करत. पुढे इंग्लंडमधल्या इस्पितळांत वॉर्डच्या प्रमुख नर्सला 'सिस्टर' म्हणू लागले आणि इंग्रजांबरोबर तो शब्द आपल्याकडे आला. गंमत अशी की आपण तिला नात्याच्या नावाने हाक मारतो, पण तिलाही एक घर आहे, एक गाव आहे, हे क्वचितच आपल्या मनात येतं.

नर्सवर लिहायचं झालं की सेवा आणि त्याग हे दोन शब्द आपोआप कागदावर उतरतात. ते खोटे नाहीत, पण त्यांच्या आड बाकीचं बरंच झाकलं जातं. मला आज तिच्या प्रवासाविषयी आणि घराविषयी लिहायचं आहे. या पेशाचा इतिहास मला घर सोडण्याचा इतिहास वाटतो. ज्या जाण्यावरून घराने तिला बोल लावले, त्याच जाण्यावर पुढे कितीतरी घरं उभी राहिली.

सुरुवात फ्लॉरेन्स नाईटिंगेलपासूनच करू. तिचं नावसुद्धा प्रवासातलं. श्रीमंत आईबाप युरोपात फिरत असताना १२ मे १८२० रोजी ती इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात जन्मली, म्हणून फ्लॉरेन्स. थोरली बहीण नेपल्सला जन्मली, तर तिला त्या शहराचं प्राचीन नाव, पार्थेनोपी. पण मुलीने इस्पितळात काम करायचं म्हटल्यावर याच फिरस्त्या घराने दार लावून घेतलं. १८४५ साली तिने जवळच्या इस्पितळात शिकायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. त्या काळी इस्पितळातली नर्स म्हणजे दारू पिणारी, हलक्या चालीची बाई असाच समज होता. १८५१ साली जर्मनीत कैसर्सवर्थ इथे तीन महिने शिकायला मिळालं, १८५३ साली लंडनमध्ये पहिली जबाबदारी मिळाली, आणि वडिलांनी वर्षाला ५०० पौंड लावून दिले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८५४ मध्ये, ३८ नर्स घेऊन ती क्रिमियाच्या युद्धातल्या जखमींसाठी तुर्कस्तानात स्कुटारीला निघाली. परत आली ती सगळ्या इंग्लंडची लाडकी होऊन. तिचं मोल घराच्या आधी बाहेरच्यांना कळलं होतं.

आपल्याकडे १८८८ साली फौजेच्या इस्पितळांसाठी दहा प्रशिक्षित इंग्रज नर्स बोटीने मुंबईला आल्या. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत त्यानंतर एक मराठी नाव येतं : बाई काशीबाई गणपत. १८९१ साली मुंबईत प्रशिक्षणाला आलेली ही पहिली भारतीय नर्स. पुस्तकांत तिच्या वाट्याला बहुधा एवढी एकच ओळ येते. त्या काळात रात्री घराबाहेर राहायचं, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुणाची जात न विचारता सगळ्यांचं मलमूत्र काढायचं, ही तिन्ही कामं एकाच नोकरीत होती. ती ओळ वाचताना एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदनाच्या कामाला सुरुवात केली. त्यातून पुढे मुली ससून इस्पितळात नर्सिंग शिकू लागल्या. रमाबाई स्वतः १९०१ पासून विधवा. सेवासदनात येणाऱ्यांतही विधवा पुष्कळ. मुलगी शिकायला पाठवायला घरचे तयार होत नसत, म्हणून राहण्याची सोय, देखरेख, चांगली सोबत या सगळ्याची हमी संस्थेला द्यावी लागे. म्हणजे नर्स घडवायची तर आधी तिच्या घरच्यांची समजूत घालावी लागायची.

समजूत किती थोड्या घरांची पटली होती, ते १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात दिसतं. तेव्हा सगळ्या हिंदुस्थानात सुमारे ७,००० नर्स होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. इंग्लंडात ३०० माणसांमागे एक होती. स्वातंत्र्यानंतर १९४७ अखेर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला आणि देशभरच्या शिक्षणाला एक माप आलं.

आमच्या गोव्याची गोष्ट थोडी वेगळी. पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ सालची. पण खेड्यापाड्यातलं बाळंतपण वैजिणीच्याच हातून होई. ज्या गोमंतकीय मुली नर्स झाल्या, त्यातल्या पुष्कळशा मुंबईची वाट धरून. १९५५ साली भारताने गोव्याची रेल्वे बंद केली, नाकेबंदी झाली, परवान्याशिवाय ये-जा राहिली नाही. मुंबईत नोकरी करणाऱ्याला आईच्या आजारपणात घरी यायचं तरी आधी कागद लागायचा. १९६१ च्या डिसेंबरात मुक्ती आली. १९६३ साली जुन्या वैद्यकीय शाळेचं गोवा मेडिकल कॉलेज झालं, आपलं गोमेकॉ. इस्पितळं वाढली, आरोग्य केंद्रं निघाली, आणि नर्स बाहेरून येऊ लागल्या. बऱ्याच केरळच्या. तिकडे मिशनच्या शाळांमुळे मुली शिकलेल्या होत्या, आणि शेतात सगळ्यांचं भागत नसलेल्या ख्रिस्ती घरांनी हा पेशा आधी स्वीकारला होता. त्या इथे आल्या, आमची भाषा शिकल्या आणि 'बाय, खंय दुखता?' असं विचारू लागल्या.

मी आस्थापना शाखेतला कारकून. सर्व्हिस बुक हे आमचं रोजचं वाचन. त्यात 'होम टाऊन' अशी एक नोंद असते. केंद्र सरकारने १९५६ साली एलटीसी सुरू केली, ती या नोंदीवर चालते. दोन वर्षांच्या टप्प्यात एकदा सरकारी खर्चाने कुटुंबासह आपल्या गावी जायचं. पुढे चार वर्षांत एकदा देशात कुठेही जायची मुभा मिळाली. होम टाऊन एकदा लिहून दिलं की सगळ्या नोकरीत ते एकदाच बदलता येतं.

हे कलम वाचायला कोरडं आहे, पण केरळच्या नर्सच्या सर्व्हिस बुकात ते बोलू लागतं. होम टाऊन, कोट्टायम जिल्ह्यातलं एखादं गाव. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ ला. त्याआधी बसने मंगळूर गाठायचं, तिथून रेल्वे. सामान, दोन मुलं आणि रजेचे मोजके दिवस. दर दोन वर्षांनी तीच वाट. मग एका वर्षी त्या नोंदीतलं गाव बदलतं आणि तिथे फोंडा किंवा म्हापसा येतं. तिकडे आई राहिलेली नसते, इकडे मुलांनी शाळेत कोकणी-मराठी घेतलेली असते. अर्ज एका ओळीचा. सही-शिक्का आम्ही मारतो आणि फाईल पुढे जाते.

हीच वाट देशाबाहेरही गेली. १९६० च्या दशकात चर्चच्या मार्फत केरळच्या हजारो मुली पश्चिम जर्मनीत गेल्या. १९६५ साली अमेरिकेने परदेशी लोकांना येऊ देण्याचा कायदा बदलला, तेव्हा तिकडचं दार उघडलं. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखातात इस्पितळं उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात जवळजवळ २ कोटी ९८ लाख नर्स आहेत आणि दर सातांतली एक आपला जन्माचा देश सोडून दुसरीकडे काम करते आहे.

अशा प्रवासात धोका असतो तो वेगळाच. २०१४ च्या जूनमध्ये इराकमधलं तिक्रित अतिरेक्यांच्या हाती पडलं. तिथे अडकलेल्या ४६ भारतीय नर्स ५ जुलैला कोचीला सुखरूप उतरल्या. विमानतळावर आनंद झाला, पण अनेकींच्या डोक्यावर शिक्षणाचं आणि एजंटाचं कर्ज तसंच होतं. २०१५ साली आखातासह १८ देशांतली नर्सभरती ठराविक सरकारी संस्थांमार्फतच करण्याचा नियम केंद्राने केला, त्याच्यामागे एजंटांची ही लूट होती.

मग घरचे काय म्हणाले? शीबा जॉर्ज या अभ्यासिकेचं २००५ सालचं एक पुस्तक अमेरिकेतल्या केरळच्या नर्सकुटुंबांवर आहे. तिथे बायका आधी गेल्या, नवरे मागून. बायको मिळवती, तिची रात्रपाळी, म्हणून मुलांचं आणि स्वयंपाकाचं नवऱ्याकडे आलं. 'नर्सचा नवरा' ही समाजात चेष्टा झाली. गमावलेला मान काहीजण चर्चच्या कारभारात शोधू लागले. म्हणजे पैसा घरात आला तरी मान आपोआप मिळाला असं नाही.

आमच्या घरातलंच सांगतो. माझी थोरली आत्या १९७० च्या दशकात मुंबईला नर्स होती. तिची मनीऑर्डर महिन्याच्या महिन्याला यायची. माझे बाबा कॉलेज शिकले ते त्या पैशावर, घरावर मंगळुरी कौलं चढली तीही. पण आजोबा पाहुण्यांना सांगायचे, "थोरली मुंबईला सरकारी नोकरीत असते." नर्स हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. आजोबा वाईट नव्हते. गावात 'बोटीवर' गेलेल्या तारवटीची ट्रंक उतरली की शेजारपाजार गोळा व्हायचा. आत्या गणपतीला यायची तेव्हा लोक तिच्या नाईट ड्युटीबद्दल विचारायचे. दोघेही घर सोडूनच पैसे पाठवत होते.

घराने दिला नाही तो आधार या बायकांनी एकमेकींना दिला, त्याचं सर्वात मोठं उदाहरण आपल्या शेजारच्या कारवार जिल्ह्यातलं. हळदीपूरची अरुणा शानबाग मुंबईच्या के.ई.एम. इस्पितळात नर्स होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ ला ती गेली. मधल्या ४१ हून अधिक वर्षांत नर्सच्या किती तुकड्या आल्या आणि निवृत्त झाल्या. ज्यांनी तिला कधी हिंडताफिरताना पाहिलं नव्हतं, त्यांनीही तिला न्हाऊमाखू घातलं. इतकी वर्षं अंथरुणात काढूनही तिच्या अंगाला शय्याव्रण झाले नव्हते. २०११ साली तिच्या दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा तिच्या बाजूने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांना दिला. 'सिस्टर' हा शब्द तिथे नात्यासारखाच वापरला गेला.

दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिन होतो. गुलाबाचं फूल, भाषण, चहा. करोनाच्या वेळी आपण टाळ्या वाजवल्या, थाळ्याही वाजवल्या. ते झालं बाहेरचं. घरातलं काम वेगळं आहे. नाईट करून सकाळी आलेल्या बाईला दुपारपर्यंत दार लावून निजू देणं, तिच्या पगारातून काय काय झालं ते मुलांना नावानिशी सांगणं, आणि ती कुठे शिकली, कुठे राहिली, कुठून कुठे गेली, हे तिला विचारणं.

शेवटचं मी मुद्दाम म्हणतो. मुदत संपली की जुनी कागदपत्रं निकालात काढतात, हा कार्यालयाचा नियमच आहे. तेव्हा मंडळी, तुमच्या घरात अशी एखादी आई, मावशी, वहिनी असेल, तर येत्या रविवारी तिच्याजवळ बसा. पहिल्या नेमणुकीची तारीख, हॉस्टेलचं ठिकाण, पहिल्या मनीऑर्डरची रक्कम, जेवढं आठवेल तेवढं वहीत लिहून घ्या. काशीबाई गणपतच्या वाट्याला एक ओळ आली. आपल्या घरातलीला निदान एक पान तरी मिळू दे.