हायड्रोपोनिक बाग, घरगुती (शिरूर व दौंड तालुके)

हायड्रोपोनिक बाग, घरगुती : मातीऐवजी अन्नद्रव्ये विरघळवलेल्या पाण्यात मुळे ठेवून घरातच, बहुधा स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पालेभाज्या आणि सुवासिक वनस्पती वाढवण्याची मांडणी. तीन ते दहा लिटरची झाकणाची टाकी, झाकणाच्या भोकांत बसणाऱ्या जाळीदार कुंड्या, वर टांगलेला एलईडी दिवा आणि पाणी किंवा हवा खेळवणारा छोटा पंप एवढेच तिचे भाग. कुंडीत कोकोपीट किंवा स्पंजाचा तुकडा असतो. त्याचे काम रोपाला आधार देण्याचे. रोपाचे पोषण होते ते टाकीतल्या द्रावणातून.

वनस्पतीला माती लागते ती पाणी, खनिजे, हवा आणि आधार यांच्यासाठी. हे चारही दुसऱ्या मार्गाने मिळाले तर मातीवाचून तिचे अडत नाही, हे युलियस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास प्रयोगशाळेत दाखवले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९२९ पासून हीच रीत पीक घेण्यासाठी वापरली आणि १९३७ मध्ये तिला आजचे नाव दिले. त्याच विद्यापीठातील हॉगलंड आणि आर्नन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेले द्रावणाचे सूत्र अजूनही पाठ्यपुस्तकांत आहे. भारतात जेम्स शोल्टो डग्लस यांनी १९४६ पासून बंगालमधील कालिम्पाँग भागात स्वस्त साधनांनी ही पद्धत बसवण्याचा प्रयत्न केला. दिवा आणि पंप जोडलेले, ओट्यावर मावणारे तयार यंत्र मात्र अलीकडचे. अमेरिकेत ‘एरोगार्डन’ २००६ मध्ये बाजारात आले आणि त्याच धर्तीची यंत्रे पुढे भारतातही विकली जाऊ लागली.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षी शासनाने जाहीर केलेल्या दुष्काळी तालुक्यांत या दोघांची नावे होती. त्याच वेळी घोड, भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या काठी, तसेच खडकवासला, चासकमान आणि घोड प्रकल्पांच्या कालव्यांखाली ऊस आणि भाजीपाला भरपूर पिकतो. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती, दौंडचे रेल्वे जंक्शन आणि राज्य राखीव पोलीस दलाची केंद्रे यांमुळे सदनिकांत आणि क्वार्टर्समध्ये राहणारी, अंगण नसलेली कुटुंबेही येथे बरीच आहेत. घरगुती हायड्रोपोनिक बागेचा ग्राहक प्रामुख्याने हा वर्ग. तिच्या मागचे ज्ञान मात्र शेतकऱ्याकडे आधीपासूनच आहे. ठिबकमधून विद्राव्य खते सोडणारा ऊस किंवा डाळिंब उत्पादक ‘सामू’ (पीएच) आणि ‘ईसी’ (क्षार मोजणारी विद्युतवाहकता) हे शब्द रोज वापरतो, आणि यंत्राबरोबर येणाऱ्या महागड्या बाटल्यांत असलेली अन्नद्रव्ये तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात किलोवर मिळतात.

पाणी : या भागात बाग जगते की मरते हे पाण्यावर ठरते. खडक बेसाल्टचा असल्याने विहिरी आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट पुष्कळ असतात. भांड्याच्या तळाशी साचणारा पांढरा थर हा त्याचाच पुरावा. बायकार्बोनेटमुळे द्रावणाचा सामू पुन्हा पुन्हा चढतो. मुळांना ५.५ ते ६.५ सामू मानवतो. तो ७ च्या वर गेला की लोह पाण्यात असूनही रोपाला मिळत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. कालव्याखालच्या, वर्षानुवर्षे ऊस घेतलेल्या पट्ट्यात आणखी एक अडचण येते. तेथील काही बोअरच्या पाण्याची ईसी मुळातच १ डेसिसीमेन प्रति मीटरच्या वर असते. पालेभाजीच्या तयार द्रावणाची ईसी १.२ ते १.८ ठेवायची असल्याने अशा पाण्यात खत घालायला जागाच उरत नाही.

उपाय साधा आहे. पावसाचे साठवलेले पाणी किंवा घरच्या आरओ यंत्राचे शुद्ध पाणी वापरावे. गावोगावी मिळणारे जारचे पाणीही चालते. आरओमधून बाहेर टाकले जाणारे पाणी ‘वाया जाऊ नये’ म्हणून बागेत ओतण्याचा मोह अनेकांना होतो, पण क्षार एकवटलेले असतात ते याच पाण्यात. शुद्ध पाणी पुरेसे नसेल तर ते बोअरच्या पाण्यात निम्मे-निम्मे मिसळून सामू फॉस्फोरिक आम्लाने उतरवता येतो. लिंबूसत्त्वानेही तो उतरतो, परंतु जिवाणू ते खाऊन टाकत असल्याने काही दिवसांत सामू पुन्हा चढतो. पुण्याच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून मुंढव्याहून बेबी कालव्यात सोडलेले पाणी दौंडकडील शेतीला मिळते. कच्च्या खायच्या पानांसाठी ते घरात आणू नये.

द्रावण : सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे केवळ १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश) या विद्राव्य खतावर बाग चालवणे. ठिबकसाठी हे खत चांगले आहे. पण त्यातील निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते. जमिनीतले जिवाणू त्याचे रूपांतर करून पिकाला देतात. स्वच्छ टाकीत ते जिवाणू पुरेसे नसतात. शिवाय या खतात कॅल्शियम नसते. पहिले दोन आठवडे रोप बरे दिसते आणि नंतर शेंड्याची पाने करपतात.

पालेभाजीला पुरेल असे दहा लिटर द्रावण शुद्ध पाण्यात पुढीलप्रमाणे होते : कॅल्शियम नायट्रेट ६ ग्रॅम, १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ३ ग्रॅम, ०:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) १.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३.५ ग्रॅम आणि वेष्टनावरील प्रमाणानुसार चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्ये. यातून नत्र सुमारे १३० पीपीएम, पालाश १५० व कॅल्शियम ११० पीपीएमच्या आसपास मिळते आणि ईसी साधारण १.३ येते. कॅल्शियम नायट्रेट इतर खतांबरोबर घट्ट स्वरूपात कधीच कालवू नये. फॉस्फेट आणि सल्फेटशी त्याचा साका होऊन तळाशी बसतो. ते वेगळ्या भांड्यात विरघळवून भरलेल्या टाकीत शेवटी मिसळतात. लोह चिलेट घेताना पाणी जड असेल तर ‘ईडीटीए’पेक्षा ‘ईडीडीएचए’ टिकाऊ, कारण चढ्या सामूलाही ते फुटत नाही. एक-दोन ग्रॅमच्या कामाला हाताचा अंदाज उपयोगी नाही. छोटा डिजिटल काटा घ्यावाच लागतो.

पातळी उतरेल तसे आधी साधे शुद्ध पाणी भरायचे आणि दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण द्रावण बदलायचे. काढलेले द्रावण कुंडीतल्या झाडांना घालता येते.

उष्णता व हवा : एप्रिल-मेमध्ये दौंडचा पारा चाळिशीला टेकतो आणि ओट्यावर शेगडीची धग वेगळी. पाणी तापले की त्यात विरघळणारा ऑक्सिजन घटतो : २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. उलट मुळांची ऑक्सिजनची गरज उष्णतेत वाढते. या कात्रीत पिथियम हा बुरशीसदृश जीव सापडेल ते मूळ कुजवतो. पांढरी मुळे तपकिरी, बुळबुळीत होतात आणि वास येतो. म्हणून टाकी शेगडीपासून दूर, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीशी ठेवतात, तिच्याभोवती ओले गोणपाट गुंडाळतात आणि माशांच्या टाकीचा हवेचा पंप चालू ठेवतात. वीज गेल्यावर काय, हा प्रश्न येथे सैद्धांतिक नाही. मुळांचा वरचा भाग द्रावणाबाहेर दमट हवेत राहील इतकी पातळी ठेवली तर काही तास पंप बंद राहिल्याने बिघडत नाही. हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅट्की यांची बिनपंपाची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. द्रावण घटते तशी मुळांभोवती हवेची पोकळी वाढत जाते; अपारदर्शक डबा, झाकण आणि जाळीदार कुंडी एवढ्यावर लेट्यूसचे एक पीक निघते. वीजपुरवठा बेभरवशाचा असलेल्या गावांत यंत्रापेक्षा हीच पद्धत शहाणपणाची.

प्रकाश : भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, ओट्यावर, डोळ्यांना लख्ख वाटला तरी, बहुधा हजारभराच्या आतच. त्यामुळे दिव्यावाचून रोपे लांबट आणि फिकट होतात. पांढरा एलईडी पानांपासून १५-२० सेंटिमीटरवर दिवसाचे १४ ते १६ तास पुरतो. गुलाबी-जांभळ्या दिव्यांचा आग्रह अनाठायी आहे. त्या उजेडात पानाचा पिवळेपणाही ओळखू येत नाही. २० वॅटचा दिवा १६ तास चालला तर दिवसाला ०.३२, म्हणजे महिन्याला साधारण दहा युनिट वीज जाते. अपुऱ्या प्रकाशात पानांत नायट्रेट साठत असल्याने काढणी दिवा कित्येक तास चालू राहिल्यानंतर करणे चांगले.

पिके : पुदिना या बागेत सर्वांत हुकमी. बाजारातल्या जुडीतली ताजी काडी पाण्यात ठेवली तरी आठवडा-दीड आठवड्यात मुळे सुटतात. मात्र तो जाळे करून इतर रोपांना दाबतो, म्हणून त्याला स्वतंत्र डबा द्यावा. मेथी दोन-तीन दिवसांत उगवते आणि तीन-चार आठवड्यांत काढणीला येते. पालक आणि लेट्यूस थंडीत उत्तम, उन्हाळ्यात रुसतात. कोथिंबिरीसाठी धने रगडून त्यांच्या दोन फाकी करतात, एक रात्र भिजवतात. उगवण आठ-बारा दिवसांनी होते, आणि ३० अंशांच्या वर तापमान राहिले की उगवण विरळ होऊन रोप लवकर फुलावर जाते. परदेशी बेसिल, ओव्याची पाने, बुटकी मिरची आणि चेरी टोमॅटो घेता येतात. फळपिकांना द्रावण जरा तीव्र आणि प्रकाश बराच जास्त लागतो. कढीपत्ता हे झाड आहे. त्याची जागा अंगणात. मुळा, गाजर, कांदा यांचा नाद करू नये.

स्वच्छता : टाकीत उजेड शिरला की शेवाळ धरते, आणि भोक उघडे राहिले की डास अंडी घालतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढत असल्याने रिकामी भोके बंद ठेवणे हा बागेच्या निगेचा नव्हे, घराच्या आरोग्याचा भाग आहे. मावा आणि पांढरी माशी खिडकीतून येतात. पिवळे चिकट सापळे आणि पाने धुणे एवढेच उपाय ओट्यावर शोभतात.

या भागात ‘हायड्रोपोनिक’ हा शब्द घरगुती बागेआधी गोठ्यात पोचला. २०१२-१३ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रातील दुग्धव्यावसायिकांनी ट्रेमध्ये मक्याचा हिरवा चारा घेण्यास सुरुवात केली. भिजवलेला मका सात-आठ दिवसांत वीतभर वाढतो. एका किलो दाण्यापासून पाच-सहा किलो चारा होतो असे सांगतात ते खरे, पण वाढते ते मुख्यतः पाणी. कोरडा भाग दाण्यापेक्षा थोडा कमीच भरतो. जनावराला हिरवे मिळते, वैरणीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

शिकण्याच्या सोयीही जवळच आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेला विज्ञान आश्रम शिरूर तालुक्यातील पाबळ येथे आहे. शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य ही कामे हाताने करत शिकवणारी निवासी पदविका तेथे चालते. २००२ मध्ये तेथे फॅबलॅब ही डिजिटल निर्मितीची कार्यशाळा सुरू झाली. पंप, टायमर आणि दिवा जोडून असे यंत्र घरी बांधू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला लागणारी कौशल्ये हीच. संरक्षित शेतीचे प्रशिक्षण पुणे कृषी महाविद्यालयाच्या हायटेक प्रकल्पात आणि तळेगाव दाभाडे येथील उद्यानविद्या प्रशिक्षण केंद्रात दिले जाते.

आर्थिकदृष्ट्या पाहता काही हजार रुपयांचे तयार यंत्र या तालुक्यांत कोथिंबीर-मेथीसाठी परवडत नाही. सहा कुंड्यांतली कोथिंबीर एका कापणीत बाजारातल्या जुडीएवढीही भरत नाही, आणि ती जुडी सकाळी शेतातून निघून दुपारी आठवडे बाजारात आलेली असते. बेसिल आणि लेट्यूस यांसारखी स्थानिक बाजारात न मिळणारी पाने, उन्हाळ्यातला पुदिना आणि शाळेतला विज्ञानाचा प्रयोग यांसाठी ही बाग योग्य आहे. त्यासाठीही झाकणाचा अपारदर्शक डबा, कृषी सेवा केंद्रातली खते आणि एक साधा एलईडी दिवा पुरेसा होतो.