दुसऱ्याच्या अक्षरातलं हस्तलिखित

एका विज्ञान लेखस्पर्धेचे लेख मी गेली बावीस वर्षं तपासतो. दर पावसाळ्यात टपालानं गठ्ठा येतो आणि त्यात विश्वाच्या जन्मावरचे पाच-सात लेख ठरलेले असतात. लिहिणारे तलाठी, एसटीतले मेकॅनिक, बारावीच्या मुली, निवृत्त पोस्टमास्तर. यंदा एका लेखात विश्वाचं वय १३८ कोटी वर्षं होतं. एक शून्य गळलेलं. मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, '१,३८० कोटी. १३८ धरले तर साडेचारशे कोटी वर्षांची आपली पृथ्वी विश्वाच्या आधी जन्मलेली ठरेल.' पुढच्याच पानावर 'महास्फोट ज्या ठिकाणी झाला' असं वाक्य आलं. हा दोष लेखकाचा कमी आणि शब्दाचा जास्त. स्फोट म्हटला की मनात जागा येतेच. इथं तर अवकाशच सगळीकडून ताणलं जातंय, मग बोट कुठं ठेवणार? फुग्यावर ठिपके काढून फुगवून बघा, असं मी लिहिलं. फुग्याच्या पृष्ठभागावर मधला ठिपका सापडत नाही.

पेन्सिल मी उशिरा हातात घेतली. पहिल्या वर्षी एका लेखावर लाल शाईनं आडवी रेघ ओढून 'अभ्यास करून लिहा' एवढंच लिहिलं होतं. त्या गृहस्थांचा लेख पुन्हा आला नाही. ती रेघ मला अजून टोचते.

म्हणूनच एडिंबरोच्या रॉबर्ट चेंबर्सची हकीकत मला जवळची वाटते. धंद्यानं तो प्रकाशक, विज्ञानाचं रीतसर शिक्षण नाही. १८४४ साली 'व्हेस्टिजेस ऑफ द नॅचरल हिस्टरी ऑफ क्रिएशन' हे त्याचं पुस्तक लेखकाच्या नावाविना निघालं. तप्त वायूच्या मेघातून ग्रहमाला घडली इथून सुरुवात करून थेट माणसापर्यंतची कहाणी त्यानं साध्या वाचकासाठी सांगितली. नाव फुटलं तर धर्मभीरू गिऱ्हाईक तुटेल, ही धास्ती होती. म्हणून पत्नी अ‍ॅननं सगळं हस्तलिखित आपल्या अक्षरात उतरवून काढलं आणि ते मँचेस्टरच्या एका मित्रामार्फत लंडनच्या प्रकाशकाकडे गेलं.

पुस्तक तडाख्यानं खपलं, आणि तज्ज्ञ तुटून पडले. केंब्रिजचे भूशास्त्राचे प्राध्यापक अ‍ॅडम सेजविक यांनी १८४५ साली तब्बल ८५ पानांचं परीक्षण लिहिलं. हे बाईमाणसाचं लिखाण असावं असा संशयही त्यात हिणवणीच्या सुरात आहे. चुका खऱ्याच होत्या. विजेच्या प्रवाहातून किडे उपजल्याच्या प्रयोगावर चेंबर्सनं विश्वास ठेवला होता. पण सेजविकांच्या लेखात राग इतका, की दुरुस्ती शोधून काढावी लागते. चेंबर्सनं मात्र ती शोधली. खुलाशाचं वेगळं पुस्तक काढलं, आवृत्तीगणिक मजकूर सुधारला. १८६० पर्यंत अकरा आवृत्त्या झाल्या.

सगळे आक्षेपही टिकले नाहीत. लॉर्ड रॉस यांच्या प्रचंड दुर्बिणीतून काही तेजोमेघ ताऱ्यांचे पुंजके दिसले, तेव्हा वायूचे मेघ आकाशात नाहीतच असं अनेकांनी धरलं आणि चेंबर्सच्या पहिल्या प्रकरणाचा पायाच गेला असं म्हटलं. १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तर त्यात वायूच्या तेजस्वी रेषा! हे हगिन्स मूळचे लंडनचे कापड व्यापारी, म्हणजे तेही हौशीच. चेंबर्स १८७१ मध्ये गेला. लेखक म्हणून त्याचं नाव पुस्तकावर आलं १८८४ च्या बाराव्या आवृत्तीत.

'व्हेस्टिजेस' निघाल्यावर बरोबर १३० वर्षांनी, १९७४ साली, आपल्याकडेही नाव आणि अक्षर लपवण्याचं हेच घडलं, पण उलट्या दिशेनं. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावानं 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. ज.वि.ना. ही आद्याक्षरं त्यांनी उलटी फिरवली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. चेंबर्स नावाला भिऊन लपला. नारळीकर लपले ते नावामुळे कथेला झुकतं माप मिळू नये म्हणून. विश्वरचनाशास्त्रातला जगन्मान्य माणूस नवख्या लेखकांच्या रांगेत उभा राहून विचारतो, हे जमलंय का? मराठीत परीक्षकावर इतका विश्वास दुसऱ्या कुणी टाकल्याचं मला आठवत नाही.

ही गोष्ट कळल्यापासून गठ्ठा आला की मी आधी नावाची पानं काढून पाकिटात बंद करतो. माझ्यासारखं काम करणाऱ्यांना विनंती एवढीच आहे, की तुम्हीही तसं करा, लेख शेवटपर्यंत वाचा, आणि 'चूक' असं लिहून थांबू नका. शेजारी बरोबर आकडा लिहा, आणि तो बरोबर का, तेही लिहा.